गोष्ट अर्धी ठेवणाऱ्या ताई

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. शाळेत लॅटिन शिकवतात. लग्न केलं नाही, सगळा संसार दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या रोमच्या कवींशी. खरं सांगते, त्या कवींनी आमच्या घरात जेवढी जागा अडवलीय तेवढी माझ्या नवऱ्यानेही अडवलेली नाही.

रविवारी सकाळी त्यांचे विद्यार्थी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. मी शेजारच्या खोलीत मशीनवर लोकांच्या पॅन्टची उंची कमी करत बसते. हात कामात, कान टेबलावर.

ताईंची एक खोड आहे. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं. गुहेत अडकलेल्या माणसाने भाला उचलला, आता राक्षसाचं काय होणार, तेवढ्यात पुस्तक पोरांपुढे सरकवायचं आणि म्हणायचं, पुढचं कवीला विचारा. मग पोरं डोकं खाजवत, शब्दकोश उलटत एकेक ओळ सोडवतात. व्याकरण पोटात कधी गेलं ते त्यांनाही कळत नाही. एकदा मी जेवताना शेवट विचारला, तर माझ्या ताटाशेजारी शब्दकोश आणून ठेवला. घ्या आता!

यंदा बेकरीवाल्याची मुलगी यायला लागली. तिची आई हिवाळ्यात गेली. पोर कोपऱ्यात बसायची, हूं की चूं नाही. एका रविवारी ताईंनी एका गवयाची गोष्ट काढली आणि या पोरीची आई नुकतीच गेलीय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. साप चावून बायको मरते. गवई गात गात पाताळात उतरतो. तिथला राजा विरघळतो, म्हणतो ने तिला, पण वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. दोघं चढू लागले, उजेड दिसू लागला, आणि ताई सवयीने थांबल्या.

"ती येते ना वर?" कोपऱ्यातून आवाज आला.

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. पुढे वाचू, एवढंच कसंबसं म्हणाल्या.

तो सगळा आठवडा त्या तेच पान उघडून बसायच्या. मी म्हटलं, सरळ सांगा आली म्हणून, कवी काही वर येऊन तक्रार करणार नाही. त्या म्हणाल्या, उद्या ती स्वतः वाचेल, मग कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवील? मला राग आला. पोरीच्या जखमेवर कसली आलीय शिस्त! पण बोलणार काय, त्यांचंही काळीज तुटत होतं.

पुढच्या रविवारसाठी त्यांनी दुसरी गोष्ट तयार ठेवली होती. पोर मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली. बेकरीच्या गल्ल्यावर बसून ओळी सोडवल्या होत्या तिने, पानांना पीठ लागलं होतं. बोट ठेवून एकेक शब्द लावत ती वाचत गेली. मी मशीन थांबवलं.

"तो मागे बघतो," ती म्हणाली. "आणि ती परत जाते."

ताईंनी तयार ठेवलेली दुसरी गोष्ट बाजूला सारली.

"बरं झालं बाई, बघितलं त्याने," पोर म्हणाली. "मला दवाखान्यात बाहेरच बसवलं होतं. लहान आहे म्हणून आईला शेवटचं बघायलाही कुणी आत सोडलं नाही."

ताईंनी पुस्तक मिटलं, खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसल्या.

"कशी होती गं तुझी आई? मला सांग."

पोर म्हणाली, "भट्टीतून पाव काढला ना, की आई तो उलटा करायची. खालून टकटक करून माझ्या कानाशी धरायची. म्हणायची, नीट भाजला की पोकळ वाजतो, ऐक, झालाय का बघ. मला काही कळायचं नाही. मी आपली दरवेळी हो म्हणायचे."