तक्रार नाही

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत आज माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. फ्लॅट विकून मुलाकडे राहायला निघालेल्या. नवरा गेल्यावर मीही आमचा फ्लॅट विकायला काढलाय, आणि आम्हा दोघींचेही मूळ कागद कित्येक महिने याच वकिलांकडे पडून आहेत.

"तुमचा फोन तरी उचलतात का?" त्यांनी विचारलं.

"छे हो!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी मनसोक्त चिडलो.

इतक्यात वकील बाहेर आले. बाई उठून म्हणाल्या, "माझे कागद परत द्या. घर घेणारा माणूस कंटाळून निघालाय, आणि तुमचं नुसतं उद्या-उद्या चाललंय."

वकील हसून माझ्याकडे वळले. "या काकूंचंही काम माझ्याकडेच आहे. काय काकू, तुमची आहे का काही तक्रार?"

"नाही, नाही," मी म्हटलं. वर हसलेही.

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने भांडणारी मी. पण ज्याच्या कपाटात आपलं घर अडकलंय, त्याच्यापुढे जीभ आपोआप गोड होते, हे मला माहीत नव्हतं. भीती वरून किती सभ्य दिसते!

वकिलांनी कपाटातून काढून दिलेली आपली फाइल घेऊन बाई एकट्याच जिना उतरल्या. वकिलांनी मला आत बसवलं, "तुमचं या आठवड्यात करून टाकतो," म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा मागवला.

मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.