डॉक्टरांच्या जीपखालची गुलाबी रेघ

जनू गेला. आणि स्मशानात उभा असतानाही माझ्या मनात पहिला विचार आला तो हेव्याचा.

आज सकाळी सोनिवलीच्या रस्त्यावर जीपांची रांग लागली होती. बदलापूर, उल्हासनगर, पार कर्जतहून माणसं आली होती. मी मनात म्हटलं, माझ्या वेळी एवढी येतील का?

असा आहे मी. आज लिहूनच टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जनू म्हणजे सोनिवलीचा जीप मेकॅनिक. आठवी शिकलेला. पत्र्याची शेड, खाली माती.

माझं अंबरनाथला गॅरेज. खाली टाइल्स, भिंतीवर फ्रेम केलेला डिप्लोमा.

तो मला "इंजिनेर" म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, मला टोमणा वाटायचा.

लोक माझ्याकडे चहा प्यायचे आणि गाडी त्याच्याकडे न्यायचे. मी त्याला पाण्यात पाहायचो.

आठ वर्षांपूर्वी शिरगावच्या डॉक्टरांनी त्यांची जुनी जीप माझ्याकडे आणली. बारवी धरणाच्या बाजूला चिखलात घालायची होती, म्हणून चार इंच उंच करायची. मी केली. काय दिसत होती!

पण गाडी उंच केली की इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, तिरका होतो आणि आखूड पडतो. म्हणून तो उल्हासनगरला लेथ मशीनवर नेऊन वाढवून आणला.

लेथवाले म्हातारे सिंधी काका. शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसतात, त्या जोडावर त्यांनी खडूने सरळ रेघ मारली.

"बेटा, ये निशान मिला के ही बिठाना. मिटाना मत."

मी शाफ्ट गॅरेजवर आणला, सुटा केला, रॉकेलने स्वच्छ धुतला, वर काळा स्प्रे मारला आणि अंदाजाने परत जोडला.

डिप्लोमावाल्याचं काम चकाचक नको दिसायला?

मग जीप चाळीसच्या पुढे गेली की थरथरायची. आरसे, दरवाजे, डॉक्टरांचा चष्मा, सगळंच.

मी शाफ्टचे सांधे बदलले. स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचरी घालून शाफ्टचा अँगल जुळवला. थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही. नाचता येईना अंगण वाकडं. मी डॉक्टरांना म्हटलं, आपला रोडच खराब आहे.

ते शांतपणे म्हणाले, "एकदा जनूला दाखवू या का?"

जनूला! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी दुपारी डॉक्टरांना न सांगता मीच जीप घेऊन सोनिवलीला गेलो. कोणी ओळखीचं बघत नाही ना, हे आधी पाहिलं.

जनू खाली शिरला. इंजिन चालूसुद्धा करायला लावलं नाही. खालूनच आवाज आला, "इंजिनेर, याच्यावर निशानी होती का रं?"

आता होती म्हणालो, तर ती गेली कुठे?

"नव्हती," मी म्हटलं. "लेथवाल्याने केलीच नाही."

ज्या म्हाताऱ्याने मला बजावून सांगितलं, त्याच्याच नावावर मी खापर फोडलं.



शाफ्टच्या दोन्ही टोकांना गलोलीच्या बेचकीसारखे फाटे असतात. ते एका रेषेत हवेत. माझे नव्हते. बाकी सगळं बरोबर होतं, तेवढंच नव्हतं.

जनूने चार बोल्ट काढले, जोड ओढून सोडवला, जरासा फिरवला आणि परत बसवला. मग घराकडे बघून बायकोला हाक मारली, "तुजी नेलपॉलिश दे गो."

गुलाबी होती. दोन्ही भागांवर मिळून त्याने एक रेघ मारली आणि फुंकर घालत बसला.

"ही रॉकेलनं पन नाय जायाची," म्हणाला.

त्याला सगळं कळलं होतं.

मी मान वर केली नाही. तोच म्हणाला, "पाचर मस्त घातलीस. डॉक्टरला सांग, पाचरीनं थरथर गेली."

मी तसंच सांगितलं.

डॉक्टरांनी आपल्या ह्याच जीपच्या ग्रुपवर लिहिलं, "शाफ्टचा खरा जाणकार अंबरनाथला आहे." त्यावर पहिला अंगठा जनूचा. मला वाटलं, खिजवतोय.

त्या एका पोस्टवर माझं गॅरेज चाललं. उंच केलेली गाडी म्हटली की लोक माझं नाव घ्यायला लागले. आणि मी जनूवर आधीपेक्षा जास्त जळायला लागलो, कारण खरं काय ते त्याला माहीत होतं. लग्नात, ग्रुपच्या राईडला, तो दिसला की मी दुसरीकडे वळायचो.

तो आठ वर्षांत कुणाला एक शब्द बोलला नाही.

आज वहिनींना भेटलो. त्या म्हणाल्या, "भावजी, दोन वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागल्यापासून त्यांना गाडीखाली झोपायला जमत नव्हतं. शाफ्टची गाडी आली का बोलायचे, आमच्या इंजिनेरकडं न्या."

आमच्या इंजिनेरकडं.

म्हणजे गेली दोन वर्षं मी ज्या गाड्यांवर मिरवलो, त्याही त्यानेच पाठवलेल्या.

एवढं मोठं मन माझ्याकडे नाही. हेवा त्याचाच वाटतोय, आणि हा काही आता जायचा नाही.

डॉक्टर, तुम्ही हे वाचाल. तुमची जीप मी नीट केली नव्हती. जॅक लावा, खाली वाका, शाफ्टच्या जोडावरची माती पुसा. गुलाबी रेघ दिसेल. ती जनूची आहे.

लेथवाले काका आता नाहीत. त्यांचीही माफी मागायची राहिली.

जनू, निशानी होती रे. मीच धुऊन टाकली.

तुझ्या इंजिनेरचा शेवटचा नमस्कार.