जोरात फुंका!

किस्से मी जमवत नाही, ते आपोआप साचतात. वसईत ट्रॅफिक हवालदार म्हणून लोकांच्या तोंडापुढे दारू तपासायचं मशीन धरायचं, मग दुसरं काय साचणार? चलानं कोर्टात जातात, किस्से माझ्याकडे राहतात!

भुईगावच्या रस्त्यावर रविवारी दुपारी नाकाबंदी होती. लग्नाच्या बँडमधले एक ट्रम्पेटवाले स्कूटरवरून आले. म्हटलं, "फुंका, अंकल." अंकल जे फुंकायला लागले ते थांबेचनात! मशीनने कधीच शून्य दाखवलेलं. "अहो, बस!" मी ओरडलो.

नळी काढून म्हणाले, "कडवं तरी पूर्ण करू द्या!"

त्याच रस्त्यावर एकदा मोटरसायकलवर फादर. मशीन थेट लाल! एका चर्चमधला मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आटोपून दुसऱ्या गावी निघालेले, मिस्सातल्या द्राक्षारसाचा घोट तोंडात ताजा. अशा वेळी चूळ भरायला लावायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. तसं केलं. शून्य!

आमचे साहेब ओशाळले. "फादर, यापुढे मिस्सा संपला की पंधरा मिनिटं प्रवचन वाढवा."

"मग लोकच पिऊन येतील!"

बोळिंजच्या एका सोसायटीत जनजागृतीचा कार्यक्रम होता. साहेबांनी हाताला भरपूर सॅनिटायझर चोळलं, ओल्या हातातच मशीन धरलं आणि ऐटीत म्हणाले, "न पिणाऱ्याचा आकडा कसा येतो, बघा." फुंकले. बीप बीप बीप! सॅनिटायझरच्या वाफेनेही असं होतं, हे मी माईकवरून घाईघाईने सांगितलं.

पहिल्या रांगेतून साहेबांच्या मिसेस उठल्या. "हे मशीन आज घरी आणा!"

कोळीवाड्यातले एक काका तर झोकांड्या देत गाडीवरून उतरले. मशीन म्हणे शून्य! काका खवळले. "तीन पेग मारले मी! बारवाल्यानं पानी पाजलं मला! त्याच्यावर केस करा!" शेजारच्या चौकातलं मशीन मागवलं. तेही शून्य.

काका मटकन खाली बसले. "मंग मला चढली कशी?"

पण कोर्टातला तो दिवस! गोखिवऱ्याचा एक टेम्पोवाला मी पकडलेला. खोकल्याचं औषध घेतलं होतं, असं त्याचं म्हणणं. लायसन्स गेलं तर घर बसणार, म्हणून बिचाऱ्याने वकील केला. मी साक्षीला मशीन घेऊन उभा. वकीलसाहेब गरजले, "हे मशीन कुणालाही दारुडा ठरवेल! आत्ता दाखवतो!" परवानगी घेतली आणि स्वतःच फुंकले.

बीप!

सकाळचे अकरा वाजले होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, मशीन खरं की खोटं?"

वकिलांनी अशिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घाम पुसला. "खोटं, सर. शंभर टक्के खोटं!"

न्यायाधीशांनी शांतपणे पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर वकिलांनी खिशातून गाडीची चावी काढली. टेम्पोवाल्याने ती अलगद त्यांच्या हातातून घेतली.

"साहेब, तुम्ही मागे बसा."