दम

कॉलेजात ज्याची गाणी ओरडून ओरडून आम्ही घसे बसवून घेतले, त्या रॉक गायकाचा सत्तरीतला नवा अल्बम आलाय. सकाळीच सुहासचा फोन. “ऐक लेका, म्हाताऱ्यात अजून दम आहे!”

भाजी घेऊन तीन मजले चढलो, पिशवी दाराशीच ठेवली आणि हेडफोन लावला. आवाज तोच, तेवढाच उंच. तिथंच मनात पाल चुकचुकली. जुन्या कॅसेटवर वरचा सूर लावण्याआधी तो श्वास ओढायचा. आम्हाला तो श्वाससुद्धा पाठ होता; त्या जागी आम्हीही तसाच ओढायचो. आता ओळीमागून ओळी जातात आणि श्वास कुठेच नाही. दम आहे म्हणे! मग तो लागत कसा नाही? नक्कीच कुणीतरी मशीनवर बसून त्याचे श्वास तांदळातल्या खड्यांसारखे वेचून टाकलेत.

मी कान देऊन ऐकत राहिलो. आणि सापडला. दोन ओळींच्या मधे, जड, जरा शिटी वाजल्यासारखा.

“पकडलं बेट्याला!” म्हणत मी गाणं थांबवलं.

गाणं थांबलं, धाप थांबली नाही. ती माझी होती.