गोरक्षची जाळी

प्रवरासंगमाच्या घाटावर आक्काबाईची होडी चालते. नवरा आसाराम साखर कारखान्यात, म्हणून वल्हं हिच्या हाती. अस्थी घेऊन आलेल्यांना ती संगमाच्या मधोमध नेते. मी घाटावर पूजेचं सामान विकतो. बाई तोंडाची फटकळ, पण पाण्यावर तिच्याइतकं भरवशाचं कोणी नाही, असं सगळे म्हणायचे. गेल्या वर्षी ते म्हणणं बंद झालं.

होडी फायबरची. बुडाला भेग पडली, तर फायबरचं कापड रेझिननं, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रसायनानं, चिकटवायचं. घरच्या घरी जमतं. अशीच भेग पडली तेव्हा आक्काबाई गोरक्षच्या हार्डवेअर दुकानात गेली आणि म्हणाली, “होडीच्या बुडाला लावायला फायबरची जाळी दे.” आम्हा नदीकाठच्यांना विणलेलं काहीही म्हणजे जाळीच. गोरक्षनं भिंतीच्या तड्यांवर गिलाव्यात दाबतात ती जाळी काढून दिली.

आक्काबाईनं तीच बुडाला लावली. अस्थी घेऊन आलेलं एक घर होडीत असताना नदीच्या मध्यावर ठिगळ सुटलं. तिनं माणसं काठाला आणली, पण अस्थींचा कलश काठाच्या चिखलात उपडा झाला. त्या घरची म्हातारी चिखलात हात घालून रडत होती.

गोरक्ष गावभर सांगत सुटला, “जाळी मागितली, जाळी दिली. होडीचं नाव तरी काढलं का तिनं? बाईमान्सानं बूड जोडल्यावर दुसरं काय हुनार?” चोराच्या उलट्या बोंबा! पण लोकांना त्याचंच पटलं. आक्काबाईच्या होडीत माणूस बसेना. गोरक्षनं चारचौघांत खरं बोलावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती त्याला बुडवायलाही तयार होती, हे मी तिच्या डोळ्यांत पाहिलंय.

नगरला गाड्यांचे बंपर जोडणाऱ्या रिझवानकडून तिनं खरं कापड आणलं. जाळी आणि कापड, दोन्हींच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून उन्हात वाळवल्या, नदीत बुडवून ठेवल्या, मग बाभळीला टांगून खाली बादली अडकवली. एकेक दगड टाकत गेली. गोरक्षची जाळी कांद्याच्या सालीसारखी सुटली आणि तुटली. रिझवानच्या पट्टीला टांगलेल्या बादलीची कडी वजनानं सरळ झाली, पण पट्टी हलली नाही. दर दगडाला ती गोरक्षला एक शिवी देत होती. मग तिनं तेच कापड बुडाला लावलं आणि वाट पाहत बसली.

यंदा गोरक्षचा बाप गेला. अस्थी घेऊन घरचे आले, तेव्हा बाकीच्या होड्या मासे धरायला गेलेल्या. नाइलाजानं सगळे आक्काबाईच्या होडीत बसले. थोरला म्हणून कलश गोरक्षच्या मांडीवर. शेजारी धाकटा रामहरी, म्हातारी आत्या, आणि पूजेचं ताट घेऊन मी.

मध्यावर आक्काबाईनं वल्हं थांबवलं.

“गोरक्ष, तुज्या बुडाखाली तुजीच जाळी हाय.”

“पुन्ना तीच लावली?”

“तूच म्हनला ना, माल चांगला, चूक माजी?”

मला खरं ठाऊक होतं. मी ताटातली फुलं सारखी करत राहिलो. वल्ह्याचं उडालेलं थोडं पाणी होडीत साचलं होतं, ते गोरक्षनं पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“आक्का, होडी माघारी घे!”

“आदी सांग. मी होडीचं नाव काढलं हुतं का न्हाई?”

“काढलं हुतं.”

“होडीला ती चालत न्हाई, म्हाईत हुतं?”

“व्हय. दुकानात पडून हुती, खपवली. घे आता माघारी!”

आत्यानं तोंडाला पदर लावला. मला गोरक्षची दया आली नाही. आजही येत नाही.

“घाबरू नका,” आक्काबाई बाकीच्यांना म्हणाली. “कापड नवं हाय, दगड टांगून बगितलंय.” आणि ती संगमाकडं वल्हवू लागली.

संगमावर पोहोचल्यावर गोरक्षनं कलशाचं फडकं सोडायला घेतलं. रामहरीनं त्याचा हात धरला, कलश त्याच्या मांडीवरून उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

“दादा, दुसऱ्याच्या बापाच्या अस्थी चिखलात गेल्या तुज्यापायी. आप्पाच्या अस्थींना तू हात लावू नको.”

गोरक्षनं आक्काबाईकडं पाहिलं. तिनं मध्ये एक शब्द टाकला असता, तर रामहरीनं ऐकलं असतं. तिनं होडी स्थिर धरली आणि म्हणाली, “सोडा, रामहरीभाऊ. सावकाश सोडा.”