पेडलवरचा लाल ठिपका

“काका आहेत का?”

वारज्यातल्या त्या गाळ्याच्या दारात येणारा प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो. हेमाताई रिसबूड समोरच बसलेल्या असतात. हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, पुढ्यात कुणाचा तरी उघडा पडलेला अ‍ॅम्प्लिफायर. तरी विचारायचं काय, तर काका आहेत का! जणू ही बाई काकांची जागा धरायला बसली आहे. अहो, डोळे घरी ठेवून आलात का?

काका असतात की. काका म्हणजे माधवराव, हेमाताईंचे यजमान, काउंटरमागच्या स्टुलावर. पाटीवर नाव ‘माधव रेडिओज’. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, आता गिटारवाली मुलं आपले अ‍ॅम्प आणि पेडल घेऊन येतात. माधवरावांना दुरुस्तीतलं काहीच येत नाही असं नाही, पण त्यांचा खरा हात बोलण्यात. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, दोन किस्से सांगायचे आणि वस्तू हळूच आत सरकवायची. आत म्हणजे दीड हात बाजूला, बायकोच्या टेबलावर. दोन दिवसांनी वस्तू बोलायला लागली की बाहेर वाहवा सुरू. “काका, काय हात आहे हो तुमचा!” त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, “अरे, चालायचंच.” गेली अकरा वर्षं हे चालायचंच ऐकून हेमाताईंचे कान किटले होते.

त्याआधीची चोवीस वर्षं त्या खडकीच्या कारखान्यात होत्या, सैन्याच्या वायरलेस संचांच्या तपासणीवर. तिथला नियम साधा होता. जोड तीनदा मोजायचा. तिन्ही वेळा बरोबर आला तरच त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. एकदा बरोबर आला तर वहीत ‘एक’ लिहायचं आणि गप्प बसायचं. ठिपका म्हणजे सही. पुढे कुठे डोंगरात तो संच मुका झाला तर ठिपका कोणाचा म्हणून विचारणा व्हायची. हेमाताईंच्या ठिपक्याबद्दल चोवीस वर्षांत एकदाही विचारणा झाली नाही. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. त्यांच्या टेबलावर लाल नेलपॉलिशची बाटली असते. नखांना त्यांनी ते आयुष्यात कधी लावलं नाही, सगळं जोडांवर गेलं.

तर गेल्या वर्षी शेफाली नावाची मुलगी आली. बाणेरला कुठल्याशा कंपनीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे जाड तारांची, गाण्याला खालून आधार देणारी गिटार. तिने फझ पेडल काउंटरवर ठेवलं. ही पायाने दाबायची डबी. दाबली की गिटारचा आवाज फाटतो, खरखरीत होतो, आणि पोरांना तोच हवा असतो. ती माधवरावांना म्हणाली, “काका, प्रॉब्लेम असा आहे की हे ऑन केलं की माझा खालचा आवाज गायबच होतो. नुसती माशी घोंघावल्यासारखं वाटतं. मला फाटका आवाजपण पाहिजे आणि माझा ओरिजिनलपण. काही जुगाड होईल?”

“होईल की!” माधवराव म्हणाले आणि पेडल आत सरकवलं.

होईल की म्हणायला यांचं काय जातं? हेमाताईंनी पेडल उघडलं, कागदावर आकृती काढली. आत शिरणारा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वाट फझमधून, फाटून येणारी. दुसरी वाट स्वच्छ, जशीच्या तशी. शेवटी दोन्ही एका बटणावर आणायच्या. बटण डावीकडे फिरवलं की सगळा स्वच्छ आवाज, उजवीकडे फिरवलं की सगळा फाटका, मधे दोन्हींचं मिश्रण. एका दिवसात जोडून झालं. दोन्ही टोकांना झकास चाललं. मधे आणलं तर आवाज पोकळ! खालचा सूर उलट आणखीनच गेला.

नऊ दिवस त्यांनी त्या डबीचा पिच्छा सोडला नाही. भाजी करपली, दोनदा. अखेर आवाजाची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर दोन्ही आवाज एकाखाली एक लावून बघितले तेव्हा कळलं. ते फझ आवाज नुसता फाडत नव्हतं, उलटा करत होतं. स्वच्छ लाट वर जाई तेव्हा फाटकी खाली येई, आणि एकत्र आल्या की दोघी एकमेकींना खाऊन टाकत. हेमाताईंनी स्वच्छ वाटेवर एक जादा ट्रान्झिस्टर, तीन पायांचा दाण्याएवढा भाग, बसवला. त्याचं काम एवढंच, तीही लाट उलटी करायची. आता दोघी बरोबर वर, बरोबर खाली. बटण मधे आणलं आणि खालचा सूर असा घुमला की काउंटरवरचे चहाचे कप थरथरले. तीनदा मोजून त्यांनी ठिपका दिला, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या स्वतःशीच हसल्या.

शेफाली पेडल घेऊन गेली. काउंटरवरून, काकांच्या हातून. महिन्याभरात पुण्यातल्या निम्म्या गिटारवाल्या पोरांना ‘काकांचं ब्लेंड’ हवं झालं. काकांचं! हेमाताईंनी चाळीस-एक पेडलं तशी करून दिली. प्रत्येक पेडलाचं फझ आधी तपासायचं, ते आवाज उलटा करतं की नाही ते बघायचं, मगच तो जादा ट्रान्झिस्टर. बाहेर काका मान डोलवत म्हणत होते, “अरे, चालायचंच.”

आणि मग इंद्रजीत आला. कोथरूडला त्याचा स्टुडिओ आहे आणि गिटारवाल्यांचं एक मंडळही तो चालवतो. “काका, ठरलं! रविवारी सकाळी साडेदहाला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र. ब्लेंडचा शोध लावल्याबद्दल. लाइव्ह डेमोपण ठेवूया, शेफाली वाजवेल.” मग त्याचं लक्ष आत गेलं. “काकू, तुम्हीपण नक्की यायचं हं. तुमची ओटी भरायची आहे. काकांना इतकी वर्षं साथ दिलीत!”

हेमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कॅलेंडरकडे पाहत होता.

इंद्रजीतची पाठ वळताच त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं. “का सांगितलं नाहीत त्याला?”

“अगं, इतक्या हौसेनं आला होता पोरगा. त्याचा हिरमोड कशाला? आणि तुझं-माझं काय वेगळं आहे का?”

“वेगळं नाही ना? मग माझं नाव छापायला सांगा.”

माधवराव काउंटर पुसायला लागले.

“बरं,” ते म्हणाले, “डेमोसाठी एक छानसं पेडल करशील ना? आतलं दिसेल असं, पारदर्शक डबीत.”

“सत्कार तुमचा. शोध तुमचा. पेडलही तुम्हीच करा,” हेमाताई म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ओटी म्हणे! चोवीस वर्षं सैन्याचे संच तपासले, नऊ दिवस त्या डबीशी झुंजले, आणि माझ्या पदरात काय, तर नारळ आणि खण, आणि तेही साथ दिल्याबद्दल? त्यांना इतका संताप आला की रडूही येईना.

तरी रविवारी त्या गेल्या. न जाऊन सांगतात कोणाला? कर्वे रस्त्यावरचा छोटा हॉल भरला होता. स्टेजवर एक टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर ‘काकांची अवजारं’ मांडलेली. हेमाताईंचं आयर्न. हेमाताईंचा चिमटा. सुटे भाग ठेवायची हेमाताईंची हिंगाची डबी. नेलपॉलिशची बाटलीसुद्धा! आणि प्रत्येकासमोर एकेक झेंडूचं फूल. पहिल्या रांगेत बसून हेमाताई ते बघत राहिल्या. घरातल्या वस्तू चोरीला जाऊन प्रदर्शनात मांडल्यासारखं त्यांना वाटलं.

इंद्रजीतने भाषण केलं. मानपत्र वाचलं. माधवरावांच्या खांद्यावर शाल आली. मग शेफालीने बेस गळ्यात अडकवली आणि पारदर्शक डबीतलं पेडल जोडलं. बटण डावीकडे. स्वच्छ, गोल सूर. टाळ्या. बटण उजवीकडे. फाटका, करकरीत. शिट्ट्या. “आणि आता, ब्लेंड!” इंद्रजीत ओरडला.

शेफालीने बटण मधे आणलं आणि आवाजातला जीवच गेला. खालचा सूर नाहीसा झाला, पत्र्याच्या डब्यावर नखं घासावीत तसं काहीतरी उरलं. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं.

“काका, काय झालं?” तिने विचारलं.

माधवरावांनी डबीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग पहिल्या रांगेकडे पाहिलं.

हेमाताई तोवर उठल्याही होत्या. पायऱ्या चढून त्या टेबलाशी गेल्या, चष्मा लावला, डबी उजेडात धरली. स्वच्छ वाटेवरचा ट्रान्झिस्टर नव्हता. त्या जागी एक सरळ तार टाकलेली होती, छान नीटनेटकी. “हा कुठे गेला?” त्यांनी हळूच विचारलं.

“अगं, तुझ्या आकृतीवरूनच केलं, पण गर्दी वाटत होती आत. दोन्ही टोकांना व्यवस्थित वाजत होतं. म्हटलं, एक कमी केला तर सुटसुटीत दिसेल.”

“आणि मधे लावून बघितलंत?”

“नाही.”

तेवढ्यात त्यांना ठिपके दिसले. प्रत्येक जोडावर एक, टपोरा, लालभडक. सगळे एकाच वेळी, रांगोळीसारखे दिलेले. आता मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. नाव घेतलंत, अवजारं घेतलीत, तेही गिळलं असतं कदाचित. पण ठिपका?

“न तपासता ठिपका दिलात?” आवाज माइकमध्ये गेला आणि हॉलभर घुमला. “माझा ठिपका?”

“शोभा म्हणून गं...” माधवराव पुटपुटले.

“शोभा!”

इंद्रजीत लगबगीने पुढे आला. “काकू, काही हरकत नाही, आपण आधी तुमची ओटी भरून घेऊ या का? शेफाली, तो खण आण.”

“ओटी नको. खुर्ची द्या,” हेमाताई म्हणाल्या. “आणि हे आयर्न लावायला प्लग.”

खुर्ची आली. आयर्न तापू लागलं. पण त्यांनी ते उचललं नाही. हाताची घडी घालून बसल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आधी तुम्ही. माइकवर.”

माधवराव बोलण्यात कधी अडत नसत. त्या दिवशी अडले. शाल नीट केली, घसा खाकरला, पुन्हा शाल नीट केली. समोर शंभर माणसं होती आणि बाजूला एक. “हे ब्लेंड हिने केलंय,” ते शेवटी म्हणाले. “पहिल्यापासून सगळं हिनेच केलंय. मी चहा दिला. पहिल्यांदाच मी एक पेडल केलं, ते आज तुम्ही ऐकलंतच.”

कोणी हसलं नाही. शेफालीचं तोंड उघडं राहिलं होतं. “काकू,” ती म्हणाली, “मी वर्षभर सगळ्यांना काकांचं म्हणून सांगत होते. एकदा तरी बोलायचं ना!”

“तू एकदा तरी विचारायचंस,” हेमाताई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल ओढली, घडी करून चादरीवर टाकली आणि तिच्यावर डबी ठेवली. चादर हॉलची होती, ती जाळून चालणार नव्हतं. हिंगाच्या डबीतून ट्रान्झिस्टर निघाला. सात मिनिटं लागली. कथलाचा एक थेंब शालीवर पडून भोक पडलं, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. शेवटी त्यांनी चिमट्याच्या टोकाने सगळे खोटे ठिपके एकेक करून खरवडून काढले. शेफालीने बटण मधे आणून तार छेडली आणि खुर्च्यांचे पाय थरथरले. टाळ्या थांबेनात. हेमाताई मात्र डबीकडेच बघत होत्या.

रिक्षात माधवरावांनी विचारलं, “राग गेला का?”

“नाही,” हेमाताई म्हणाल्या. “अकरा वर्षांचा आहे. एका सकाळीत जाईल होय?”

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा मानपत्र त्यांच्या टेबलावर होतं. चौकटीतून काढलेलं. ‘श्री. माधव रिसबूड’ यावर पेनाने रेघ मारून वर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सौ. हेमा माधव रिसबूड’. हेमाताईंनी चष्मा लावून ते वाचलं. पेन घेऊन ‘सौ.’ खोडलं, ‘माधव’ खोडलं, आणि कागद नापास मालाच्या ट्रेमध्ये न टाकता नुसता बाजूला ठेवला. माधवरावांची नजर नेलपॉलिशच्या बाटलीवर गेली. त्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही.

अकराच्या सुमारास दारात एक दाढीवाला तरुण उभा राहिला, हातात पेडल. समोर हेमाताई, हातात आयर्न, डोळ्यांवर चष्मा. त्याने त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं.

“काका आहेत का?”

हेमाताईंनी मान वर केली नाही.

“काका मीच,” माधवराव म्हणाले. “पण पेडलचं काम असेल तर या समोर बसल्यात ना, हेमा रिसबूड, त्यांना सांगा. ब्लेंड त्यांचं आहे. मला त्यातलं काही कळत नाही.”

तरुण गोंधळला, मग वळला आणि पेडल हेमाताईंपुढे ठेवून काय बिघडलंय ते सांगू लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला, कारखान्यातल्यासारखी आखलेली वही काढली, तारीख घातली आणि माधवरावांच्या नावापुढे लिहिलं, ‘एक’.