पालकाचा हिरवा

माईंचा कोणावरच पटकन विश्वास बसत नसे. मध्य प्रदेशात, धारला स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या बालवाडी चालवायच्या. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते. मुलांना खेळायची रंगीत माती त्यांनी कधी विकत आणली नाही. "डब्यावर लिहिलंय तेच आत असतं, असं कोणी सांगितलं तुला?" म्हणायच्या आणि घरीच मैदा मळायला बसायच्या.

मैदा दोनदा चाळायचा, तेल हुंगून बघायचं. उकळत्या पाण्यात मीठ आणि जराशी तुरटी विरघळवून ते मैद्यावर ओतायचं, मग तेलाचा हात लावत मळायचं. मीठ मूठ मूठ. का, असं मी एकदा विचारलं. "पोरगं एकदा चाटणारच. दुसऱ्यांदा चाटता कामा नये." रंग म्हणजे हळद, बीट, पालक. पालकाचा हिरवा तिसऱ्या दिवशी शेवाळासारखा दिसायचा.

गुड्डी त्या हिरव्याचे रोज पोपट करायची. तिचे वडील शिफ्टच्या बसने पीथमपुरला कारखान्यात जायचे. एका सकाळी त्यांनी हिरव्यागार रंगाची पुडी आणली. "माई, रोज रोती है, मेरा तोता सड़ गया।"

माईंनी पुडी उजेडात धरली. "कारखाने से उठा लाए क्या, भिया?"

त्यांचा चेहरा उतरला. पुडी तिथेच ठेवून, गुड्डीला कडेवर घेऊन ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

आठवड्याने भाजीवाल्यापाशी मला तिची आई भेटली. तिच्याकडून कळलं, तो रंग मिठाईतला होता, हलवायाकडून मागून आणलेला. मी तडक येऊन माईंना सांगितलं. माझ्या आवाजात राग होता, तो त्यांनी ऐकून घेतला. मग फळीवरची पुडी काढली आणि चपला घातल्या. "चल, घर दाखव."

दारात उभ्या राहूनच त्या गुड्डीच्या वडिलांना म्हणाल्या, "गलती हो गई, भिया। तुमको चोर बोल दिया मैंने।"

ते दारातून बाजूला सरले. मग म्हणाले, "अंदर तो आओ, माई।"

माई आत गेल्या, त्यांच्याच स्वयंपाकघरात मैदा मागितला. रंगाची चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली, मग गोळ्यात घातली. तेवढ्यातही गुड्डीच्या आईला विचारलंच, "तेल ताजा है ना?" ती बाई हसायला लागली. गुड्डी पोपट करत बसली. दुसऱ्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी बालवाडीत हजर होती.

गेल्या वर्षी माईंना दिसेनासं झालं. मुलगा पुण्याला न्यायला आला. निघताना मला म्हणाल्या, "बालवाडी तू चालव. पूर्ण विश्वास तुझ्यावरही नाही गं माझा. पण पोरं तुझ्या मागे मागे फिरतात. त्यांना काहीतरी कळत असेल."

मी दाराला कुलूप लावून किल्ली त्यांना दिली. माईंनी चाचपडत ते दोनदा ओढून बघितलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि रिक्षात जाऊन बसल्या.